आधी नट

आधी नट, नेस्टा.
नट नळीत सरकवायचा, मग टोक फुलवायचं.
सगळे विसरतात. काल मीही विसरले.
चौदा इंचांची नळी, वळण असं की बघत राहावं,
दोन्ही टोकं तुतारीसारखी फुललेली,
आणि दोन्ही नट बाकावर, चहाच्या कपाशेजारी,
माझ्याकडे बघत.
कापली. पुन्हा केली.

रॅडनरच्या डोंगरात मार्च महिन्यात
शेडचं दार उघडं ठेवलं तर बोटं बधिरतात,
बंद केलं तर रॉकेलच्या शेगडीने डोकं धरतं.
मी अर्धं उघडं ठेवते.
गाडी चार स्टँडांवर. अठ्ठावन्न सालची,
दोन माणसांपुरती, छत म्हटलं तर छत.
तुझ्या बापाने आणली तेव्हा तिच्यात कोंबडी अंडी घालत होती.

ही बघ, जुनी नळी.
इथे मधोमध नखाएवढी जागा चकाकतेय.
बाकी सगळी गंजलेली, इथेच तेवढी चांदी.
चौकटीला घासून घासून आलेली झळाळी आहे ती,
आणि झळाळीच्या पोटात सुईच्या टोकाएवढं भोक.
क्लिप नव्हतीच. तार होती,
कुंपणाची, पक्कडीने डावीकडे पिळलेली.
हा पीळ मी ओळखते.
आपल्या सगळ्या फाटकांवर आहे.

दर सहा इंचांवर क्लिप, आतून रबराचं अस्तर.
नळी हलता कामा नये, आणि फार आवळायचंही नाही,
कारण...
नको, यातून आयुष्याबद्दल काही काढू नकोस.
तांबं आणि निकेल आहे ते.

एक्झॉस्टपासून वीतभर लांब; द्रव उकळला
तर पेडल ओल्या स्पंजासारखं होतं.
चौकटीच्या आतल्या अंगाने, खालून कधीच नाही.
खाली जॅक लागतो, खडे उडतात.
पत्रा ओलांडताना भोकाला रबरी कडं.
चाकापाशी लवचिक नळी. स्टिअरिंग फिरव,
पार डावीकडे. पार उजवीकडे.
वाकून बघ, कुठे टेकतेय का.
नुसतं नाही म्हणू नकोस. बघून नाही म्हण.

त्या काळी चारही चाकांना एकच वाट.
एक भोक, आणि चारही गेली.
प्रॉसरच्या उतारावर एल्विनचा पाय जमिनीला टेकला
तेव्हा मी शेजारी होते, मांडीवर रोपांचा ट्रे.
त्याने गाडी मुद्दाम काटेरी कुंपणात घातली.
त्याला खरचटलंसुद्धा नाही. माझा खुबा गेला.
रस्ता ओला होता, म्हणाला.
मरेपर्यंत तेच म्हणाला, कुणी विचारलं नाही तरी.
गाडी इथे ढकलली, वर ताडपत्री टाकली,
आणि एकोणीस वर्षं दर उन्हाळ्यात
या शेडचं दार रंगवत राहिला. बाहेरून.

वाकून बघितलं होतं का त्याने कधी?
मी त्या मंगळवारचं आठवते.
धूळ उडत होती.

चल, पेडलवर बैस. लांबच्या चाकापासून सुरुवात.
दाब.
धर.
मी म्हटल्याशिवाय सोडायचं नाही.
मुरंब्याच्या बरणीत बुडबुडे येतायत, बघ,
बारीक, मग विरळ, मग एकच, उशिरा आलेला.
सांडू देऊ नकोस, रंग खातो हा द्रव.
पुन्हा. दाब.

रात्री प्रत्येक सांध्याखाली वर्तमानपत्र पसरायचं.
सकाळी मी चष्मा लावून वाचलं,
ओळ न् ओळ:
मेंढ्यांचे भाव कोरडे, निधनवार्ता कोरड्या,
शब्दकोडं कोरडं.
मध्यावर एक काळा थेंब. तो गिअरबॉक्सचा;
तो अठ्ठावन्नपासून गळतोय, त्याचं मनावर घेऊ नकोस.

चावी घे. उतारावर नाही, आधी अंगणात.
दहा फूट जा, थांब. वीस फूट, थांब.
आणि ती तार फेकू नकोस, खिळ्याला अडकव.

अगं, निघालीस काय लगेच!
मला बसू दे.
या खुब्याने वेळ लागतो.